सहा घाट, तीन सायकली आणि एक मनातली

याची सुरुवात खरं तर डिसेंबरात झाली. आमच्या शनिवारच्या ग्रुपमधला एकजण, त्याला इथे शेठ म्हणतो, बॉटल केज घ्यायला म्हणून सायकलच्या दुकानात गेला आणि कार्बनची सायकल बुक करून आला. बारा स्पीड (म्हणजे मागे बारा चकत्या), इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग, डिस्क ब्रेक, बत्तीस मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर, सव्वातीन लाख. बॉटल केज राहूनच गेली, ती नंतर मी दिली माझ्याकडची जुनी.

तेव्हापासून माझी झोप उडाली. माझी सायकल अ‍ॅल्युमिनियमची, सात वर्षं जुनी, नऊ स्पीड, रिम ब्रेक, पंचवीसचे टायर, वजन १०.४ किलो. तिच्यात काहीही खोट नाही आणि तोच प्रॉब्लेम आहे. घरी सांगायला कारण नको का? सायकलवाल्यांचा एक जुना नियम आहे की सायकली किती असाव्यात तर आत्ता आहेत त्यापेक्षा एक जास्त, पण हा नियम आमच्या घरात लागू नाही. म्हणून २६ जानेवारीला जोडून चार दिवसांची राइड ठरली तेव्हा मी मनात म्हणलं की घाटाघाटात हिशोब ठेवायचा, नवीन सायकल असती तर इथे काय फरक पडला असता, आणि परत आल्यावर पुराव्यासकट विषय काढायचा.

तिसरे आमचे काका. वय एकसष्ट, सायकल हायब्रिड, पुढे तीन चकत्या, हँडलला घंटी. काकांना कुणी नवख्याने बघितलं की तो ‘काका जमेल ना’ विचारतो. काकांनी २००, ३००, ४०० आणि ६०० च्या ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, एकाच सीझनमध्ये पुऱ्या करून एसआर (सुपर रँडोनर हा किताब) दोनदा घेतलंय, म्हणजे २०० किमी साडेतेरा तासांत आणि ६०० चाळीस तासांत, आणि आता २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं मनात आहे, १२०० किमी नव्वद तासांत. ते ‘जमेल’ एवढंच म्हणतात.

दिवस पहिला : पुणे – वाई – महाबळेश्वर, साधारण १२० किमी

पहाटे पाचला निघालो. जुन्या कात्रज घाटात अंधार, तिघांचे लाल दिवे आणि शेठच्या हबचा, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागाचा, टर्रर्र आवाज. पेडल थांबवलं की हा आवाज येतो, नवीन हबचा जास्तच, आणि शेठ पहिले पंधरा मिनिटं तर मुद्दाम पेडल थांबवत होता असा माझा संशय आहे. चढावर पेडल कोण थांबवतं?

शिरवळपर्यंत हायवे म्हणजे नुसतं मान खाली घालून मारायचं. मधे एकदा चहा, एकदा केळी. खंबाटकीला आम्ही घाटच चढलो, जुना बोगदा साताऱ्याकडून येणाऱ्यांसाठी. लाँग वीकेंडचा ट्रॅफिक असा होता की ट्रक आमच्याच स्पीडने चालले होते आणि एका ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून अर्धी चिक्की दिली, ती चालत्या सायकलवर घेतली. तुम्ही घेऊ नका.

सुरूर फाट्याला वळलं की सगळा आवाज एकदम बंद होतो. दोन्ही बाजूला वडाची झाडं, ऊस, वाईला पोचून मिसळ. मिसळ घाटाच्या आधी खाऊ नये हे मला माहिती आहे, दरवेळी माहिती असतं.

पसरणी घाट. वाई सातशे मीटरच्या वर, पाचगणी तेराशेच्या जरा खाली, मधे बारा-तेरा किलोमीटर. टक्केवारी तशी भयंकर नाही, पाचाच्या आसपास, पण अकरा वाजता ऊन पाठीवर असतं आणि धोम धरणाचं पाणी खाली दिसत राहतं, त्यात उडी मारावीशी वाटते. शेठ दुसऱ्या वळणालाच दिसेनासा झाला. काका त्यांच्या सगळ्यात छोट्या चकतीवर पंख्यासारखे पाय फिरवत माझ्या पुढे पन्नास मीटर, ना जवळ ना लांब, अख्खा घाट तसेच. मी ३४-३२ वर (पुढची चकती चौतीस दातांची, मागची बत्तीस, माझा सगळ्यात हलका गिअर) उभा राहून, बसून, पुन्हा उभा राहून. मिसळ पण माझ्यासोबत.

पाचगणीच्या नाक्यावर पोचलो तर शेठ उसाचा रस संपवून दुसरा मागवत होता. चौदा मिनिटं आधी आला म्हणे. मला घाटाला बहात्तर मिनिटं लागली होती. मी रस पिता पिता हिशोब केला. मी, सायकल, बॅग, पाणी मिळून चौऱ्याण्णव किलो. त्याची सायकल माझ्यापेक्षा २.३ किलो हलकी, म्हणजे अडीच टक्के. चढावर वेळ साधारण वजनाच्या हिशोबात जातो, तर बहात्तरचे अडीच टक्के पावणेदोन मिनिटं. उरलेली सव्वाबारा मिनिटं माझी स्वतःची आहेत, कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. डिसेंबरात घरात तीन लग्नं झाली, त्यातला एक जिलब्यांचा ढीग मला अजून आठवतो.

हा पुरावा घरी सांगण्यासारखा नव्हता. वहीत लिहिलाच नाही.

पाचगणी ते महाबळेश्वर मात्र मजा आली. मुंबई-पुण्याच्या गाड्या एकामागे एक अडकलेल्या, वेण्णा लेकपाशी तर इंजिनं बंद करून लोक खाली उतरलेले, आणि आम्ही कडेकडेने स्ट्रॉबेरीच्या टोपल्या बघत निवांत पुढे. एका लाल गाडीतल्या बाईंनी विचारलं, ‘पुढे किती जाम आहे हो?’ काका म्हणाले, ‘आम्हाला नाही लागला.’

रात्री थंडी बऱ्यापैकी. सायकली रूममध्येच घेतल्या. शेठने त्याची पलंगाच्या आणि भिंतीच्या मधे टेकवली, वर टॉवेल टाकला. मी विचारलं पांघरूण पुरतंय ना तिला.

दिवस दुसरा : महाबळेश्वर – आंबेनळी – पोलादपूर – खेड – दापोली, ११० च्या आसपास

सकाळी मागचा गिअर टाकला तर पडेना. दोनदा क्लिक केलं की एक पडायचा, मग मधेच दोन एकदम. डिरेलरपाशी, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागापाशी, केबल जिथे शिरते तिथे एक बारीक गोल नॉब असतो, बॅरल अ‍ॅडजस्टर, तो अर्धा वेढा फिरवला आणि चालून गेलं. काका बघत होते, म्हणाले, ‘केबल बघ एकदा, लिव्हरच्या आत.’ मी म्हणलं, ‘बघतो काका,’ आणि बघितलं नाही.

आंबेनळी घाट. महाबळेश्वरहून प्रतापगडाच्या फाट्यावरून खाली पोलादपूरला, चाळीस किलोमीटर, आणि तेवढ्यात बाराशे मीटरच्या वर उंची संपते. लोक चढाला घाबरतात, मी या उतरणीला घाबरतो. २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस याच घाटात कोसळली होती, ती माणसं दापोलीहून महाबळेश्वरला फिरायला निघाली होती आणि आम्ही बरोब्बर उलटे तिथेच चाललेलो. त्या बाजूला दरीकडे न बघता गेलो.

सकाळचं धुकं, ओला रस्ता, वळणावर वाळू. माझे रिम ब्रेक म्हणजे रबराचे दोन ठोकळे चाकाची कड दाबतात. कड ओली असेल तर आधी पाणी पुसलं जातं, मग ब्रेक लागतो, मधला तो एक सेकंद असतो ना, त्या सेकंदात माणूस सगळ्या देवांची नावं घेतो. दहा किलोमीटरमध्ये माझी बोटं आखडली. थांबून रिमला हात लावला तर चटका बसला, ब्रेकची काळी पावडर बोटांना, पुढचा टायर गरम. फार वेळ ब्रेक दाबून ठेवला तर त्या उष्णतेने ट्यूब फुटू शकते, म्हणून सोडून-दाबून, सोडून-दाबून करत उतरावं लागतं. शेठ एका बोटाने ब्रेक लावत शिट्टी वाजवत गेला. शब्दशः शिट्टी. खाली पोलादपूरला मी पोचलो तेव्हा माझे खांदे कानाला लागलेले आणि तो वडापाव खात होता.

इथे पहिल्यांदा हिशोब माझ्या बाजूने लागला. चढाला पावणेदोन मिनिटं वाचवायला कुणी सव्वातीन लाख घालत असेल तर त्याचे तो जाणे, पण असल्या उतरणीला डिस्क ब्रेक पाहिजेत. हे मी सायकल कंपन्यांचं ऐकून नाही म्हणत, माझ्या डाव्या हाताची दोन बोटं संध्याकाळपर्यंत सरळ होत नव्हती म्हणून म्हणतो. काकांचे पण रिमवरचेच ब्रेक, पण ते दर तीन-चार किलोमीटरला थांबायचे, खाली उतरायचे, दरी बघायचे, पुढे. त्यांना कुठे काय झालं? काही नाही. पण त्यांना नवीन सायकल नकोय, मला हवीये.

महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरला आपल्या शेजारी येते. दुसऱ्या दिवशी तिच्या मुखाशी पोचायचं होतं, त्यामुळे तिच्याकडे बघून ‘उद्या भेटू’ असं काहीतरी शेठ म्हणाला. उन्हाने होतं असं.

कशेडी जुन्या घाटानेच घेतला, बोगदा झाल्यापासून तिथली गर्दी कमी झालीये. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, गरम होतं. खेडच्या पुढे दापोलीचा चढ मात्र लक्षात राहिला कारण तेव्हा सगळं संपलं होतं, पाणी, चिक्की, बोलणं. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये आम्ही तिघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात. एका महाबळेश्वराहून निघून समुद्रसपाटीपर्यंत उतरून दुसऱ्या महाबळेश्वराला चढायचं, हा प्लॅन कुणी केला म्हणून चौकशी झाली. मीच केला होता.

रात्री सुरमई, सोलकढी तीन वाट्या.

दिवस तिसरा : दापोली – आंजर्ले – केळशी – वेसवी – हरिहरेश्वर – दिवेआगर, शंभरच्या थोडं वर

हा दिवस नकाशात सोपा दिसतो. समुद्राच्या कडेने कडेने जायचंय, त्यात काय. तर कोकणात असं असतं की गाव खाली खाडीशी, मग सड्यावर चढायचं, सड्यावर काजू आणि कातळ, मग पुन्हा उतरून पुढच्या खाडीशी. एकही चढ दीड-दोन किलोमीटरच्या वर नाही, पण अशी डझनभर तरी. आणि प्रत्येक चढाच्या सुरुवातीला एक देऊळ, म्हणजे आधी नमस्कार करून घ्या.

हर्णैच्या बंदरात होड्यांचे झेंडे, समोर सुवर्णदुर्ग, वास पण कडक. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती नावाप्रमाणे कड्यावरच, काका एकटे वर जाऊन आले, आम्ही खाली आंबोळ्या खाल्ल्या. आंब्यांना मोहोर होता, काही ठिकाणी इतका की रस्ताभर वास.

केळशीच्या पुढे रस्ता उखडलेला, लाल खडी नुसती पसरलेली. माझ्या पंचवीसच्या टायरला शंभर पीएसआय हवा, दगडावरून गेलं की दात वाजतात. एका खड्ड्यात मागचं चाक धाडकन आपटलं आणि लगेच फुस्स. टायर काढून ट्यूब बघितली तर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, सापाने डसल्यासारख्या. काटा-बिटा काही नाही, टायर दगड आणि रिमच्या मधे चिमटला की असं होतं. ट्यूब बदलली, छोट्या पंपाने दोनशे वेळा दाबलं तरी सत्तरच्या वर हवा जाईना. दोनशे हा आकडा काकांनी मोजलेला आहे, ते सावलीत बसून मोठ्याने मोजत होते. शेठच्या टायरला यातलं काहीच नाही, आत ट्यूबच नाही, पन्नास पीएसआय, खडीवरून गादीवरून गेल्यासारखा. काकांच्या पस्तीसच्या टायरला पण काही नाही, आणि ते तर साधे, ट्यूबवाले, कडेला भेगा पडलेले.

गंमत म्हणजे सत्तरच्या हवेवर माझीच सायकल जास्त चांगली चालायला लागली. हात झिणझिणायचे थांबले, स्पीड तेवढाच. म्हणजे सात वर्षं मी उगाच शंभर भरत होतो की काय! ब्रेकच्या रकान्याखाली मी ‘टायर’ लिहिलं. वजनाचा रकाना रिकामा.

वेसवीच्या जेट्टीवर फेरीबोट समोरूनच येत होती. गाड्या, मोटरसायकली, एक टेम्पो भरून नारळ, आणि आमच्या तीन सायकली साखळीला टेकवून. समोर बागमांडला, मागे बाणकोटचा किल्ला, आणि खाली सावित्री, आदल्या दिवशी पोलादपूरला ओढ्याएवढी दिसली होती ती इथे एवढी रुंद की पलीकडची माणसं मुंगीएवढी. बोटीवरच्या एका पोराने शेठच्या सायकलला वायर कुठे दिसत नाही म्हणून खाली वाकून वाकून बघितलं, मग माझ्या सायकलकडे बघून ‘हिला आहेत’ म्हणाला, मला बरं वाटलं.

हरिहरेश्वर, श्रीवर्धन, मग शेखाडीचा रस्ता. या रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, संध्याकाळी पाचला डावीकडे समुद्र ठेवून एकदा तो करा. फक्त एक सांगतो, तिथे आम्ही तिघं शेजारी शेजारी चालवत होतो आणि कुणाची सायकल कुठली हे मला अर्धा तास आठवलं नाही. दिवेआगरला सुपारीच्या वाडीतली खोली, उकडीचे मोदक. गिअर पुन्हा कुरकुरला होता, पुन्हा नॉब अर्धा वेढा.

दिवस चौथा : दिवेआगर – म्हसळा – माणगाव – ताम्हिणी – पुणे, दीडशे

२६ जानेवारी. बोर्ली पंचतनला शाळेची पोरं इस्त्रीच्या कपड्यात ओळीने चाललेली, हातात छोटे झेंडे, आम्हाला बघून सगळी ‘भारत माता की’ ओरडली, आम्ही ‘जय’ म्हणलं, मग पुढच्या ओळीने, मग त्याच्या पुढच्या. गाव संपेपर्यंत काकांचा आवाज बसला.

म्हसळ्याच्या पुढे चढावर मी गिअर टाकला आणि लिव्हर ढिली पडली. टक् असा आवाज, मग कटकटकट करत चेन सगळ्यात छोट्या चकतीवर, अकरा दातांच्या. केबल तुटली. लिव्हरच्या आत जिथे वळते तिथे तिचा एकेक धागा दोन-तीन दिवस तुटत होता, म्हणून तर गिअर पडत नव्हता. काका काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले, बोलले असते तर परवडलं असतं.

माणगावपर्यंत ढकलत, उभं राहून मारत कसाबसा आलो. सायकलचं दुकान बंद, सुट्टी. दुसरं पण बंद. एका टू व्हीलर गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, आत मिस्त्री जिलबी खात बसलेले. ‘आज बंद आहे,’ म्हणाले, मग सायकल बघून उठले. गाडीची क्लचची वायर लावून बघू म्हणाले, ती जाडी, शिरेना. साध्या सायकलच्या ब्रेकची एक तार होती, ती पण जाड, गिअरची तार सव्वा मिलिमीटरपेक्षा बारीक लागते. मग त्यांनी विचारलं, ‘पुढे काय आहे, घाट ना? मग मोठ्या चकतीवर बांधून टाकू.’

म्हणजे असं केलं. शेठने मागचा डिरेलर हाताने आत ढकलून धरला, चेन अठ्ठावीस दातांच्या चकतीवर आली, मिस्त्रींनी तुटलेल्या तारेचं लोंबणारं टोक पकडीत धरून ताणलं आणि बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूखाली वायसर टाकून आवळून टाकलं. दहा मिनिटं. आता माझ्या अठरा गिअरच्या सायकलला दोन गिअर उरले, पुढे चौतीस किंवा पन्नास. हात पुसता पुसता मिस्त्री शेठच्या सायकलकडे गेले, एका बोटावर उचलून बघितली. ‘हिची वायर कुठाय?’ शेठने सांगितलं की बॅटरीवर चालते, वायर नाही. मिस्त्री म्हणाले, ‘म्हणजे रिमोट.’ पन्नास रुपये घेतले आणि प्रत्येकाला एक जिलबी दिली. (हो, अजून एक. लग्नातल्यांच्या हिशोबात धरा.)

ताम्हिणी ३४-२८ वर चढलो. गिअर बदलायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे डोक्यात काहीच नव्हतं, बसायचं, उभं राहायचं, बसायचं. उन्हं कलत होती, सणसवाडीच्या वर रस्त्याकडेला माकडं, खाली कुंडलिकेची दरी. काका शेजारी होते. चार दिवसांत पहिल्यांदा मी त्यांच्यासोबत चढलो, आणि मधे एकदा त्यांच्या पुढे पण गेलो, जास्त नाही, चाळीस मीटर. शेठ वर थांबला होता आणि यावेळी फरक नऊ मिनिटांचा होता. तो म्हणाला थकलो होतो म्हणून. असू दे.

चढ सोपा गेला, सपाटीने वाट लावली. मुळशीच्या पाण्याकडेने पौडपर्यंत ५०-२८ वर पाय मिनिटाला नव्वद वेळा फिरवले तरी ताशी वीसच्या थोडंच वर जातं. उतारावर तर पेडल मारून काही उपयोगच नाही, नुसतं बसून राहायचं आणि मागून येणाऱ्या स्कूटरना बघायचं. पिरंगुटला चहा. चांदणी चौकात रात्रीचे साडेआठ.

बुधवारी लिव्हर उघडली. आतून केबलचं डोकं निघालं, तांदळाच्या दाण्याएवढं, त्याला तुटलेल्या तारांचा ब्रश. नवीन केबल दीडशे रुपये. बायकोने तो दाणा हातात घेऊन बघितला आणि विचारलं, ‘एवढंच होतं ना? झालं ना मग नीट?’ मी हो म्हणलं. ब्रेकचा आणि टायरचा मुद्दा बोलायचा राहिला, वेळ बरोबर वाटली नाही. तसं बघितलं तर मला आता शेठसारखी सायकल नकोच आहे, रुंद टायरची, डिस्कवाली, जरा जड असली तरी चालेल अशी हवी आहे, म्हणजे डिसेंबरात जी बघत होतो ती नाही, वेगळीच. त्यामुळे फोनवरची जुनी पानं बंद केली आणि नवीन उघडली.

काल काकांचा फोन आला. त्यांच्या माळ्यावर एक स्टीलची फ्रेम पडून आहे, छप्पन साइज, डिस्क बसते, चाळीसपर्यंत टायर जातो, कुणी नेत असेल तर बरं, जागा अडलीये. मी म्हणलं, ‘काका, माझी साइज छप्पनच.’ ते म्हणाले, ‘माहितीये.’

शनिवारी सकाळी जातोय. घरी चेन ल्यूब आणायला जातोय असं सांगितलंय.